मान खाली असताना घेतलेलं माप

माप देताना फोन हातात धरणाऱ्या बाईला मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा टेप गळ्यात अडकवते आणि स्टुलावर जाऊन बसते. बघत बसू दे तिला. व्हिडिओ संपला की तीच विचारते, "दीदी, हो गया क्या?" मी म्हणते, "शुरू ही नहीं किया." उल्हासनगरच्या कॅम्पात बायकांचे ब्लाऊज शिवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पहिल्या वीस वर्षांत मी गिऱ्हाइकांशी जेवढी भांडले नसेन तेवढी नंतरच्या सहा वर्षांत भांडले, आणि तेही या एकाच गोष्टीवरून.

बायकांना वाटतं मी खडूस आहे. तशी मी आहेच, पण याला कारण आहे. ब्लाऊजच्या पाठीची उंची घेताना टेप मानेच्या मागच्या हाडापाशी धरून खाली सोडायची असते. बाईने मान खाली घातली की ते हाड वर येतं, पाठ ताणली जाते आणि माप वाढतं. त्याच वेळी समोरून छाती आत जाते आणि पुढची उंची कमी भरते. असा ब्लाऊज शिवला आणि ती बाई सरळ उभी राहिली, की मागे गळ्याखाली कापडाची आडवी घडी पडते आणि समोरून ब्लाऊज वर ओढला जातो. मग ती दुकानात येऊन माझ्या नावाने बोंब मारणार. फोनच्या नावाने कुणी बोंब मारत नाही.

हे झालं हातात फोन असणाऱ्यांचं. आता तर अशा बायका येतात की फोन पर्समध्ये ठेवायला लावला तरी त्यांची मान पुढेच राहते. "सीधा खडे रहो," म्हटलं की ओढून ताणून खांदे मागे घेतात आणि श्वास सोडला की पुन्हा जिथल्या तिथे. माझ्या वह्यांत जुनी मापं आहेत. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं पान उघडून नवं माप शेजारी लिहिलं की पाठ वाढलेली आणि पुढची बाजू कमी झालेली दिसते. वयाने वाकलेल्या बायकांचं मी समजू शकते. या तिशीतल्या बायका आहेत, कुणी कुणी तर पंचविशीच्या. मला त्यांचा राग येतो, आणि राग येऊनही मी एक शब्द बोलत नाही.

न बोलणं हे आमच्या धंद्यातलं वळण आहे. जिच्याकडे मी शिवण शिकले तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की अंगातलं उणं तोंडाने बोलायचं नाही, कापडात भरून काढायचं. एक खांदा उतरता असेल तर तो आतून पट्टी देऊन सारखा करायचा. पाठीला बाक असेल तर पाठीत पाऊण इंच वाढवायचं, पुढून थोडं काढायचं, आणि गप्प राहायचं. बाई आरशात बघते, कुठे सुरकुती नाही, खूश होऊन जाते. तिला कळतही नाही की तिचा बाक माझ्या कात्रीने झाकला. या कामात माझा हात चांगला बसला आहे, आणि त्याचा मला गर्वही होता.

पण घरात मी तोंड बंद ठेवत नाही. माझी मुलगी चिखलोलीला एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला आहे. इमारत अजून जमिनीतून वर आलेली नाही, पण ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर एक मोठा काळा गॉगल चढवते आणि त्याला त्याच्या न बांधलेल्या घरात फिरवून आणते. हा हॉल, ही बाल्कनी, हा बाल्कनीतून दिसणारा डोंगर. गिऱ्हाईक आत एकटं गोंधळतं, म्हणून दुसरा गॉगल स्वतः लावून तीही त्याच्याबरोबर आत शिरते. दिवसातून कितीतरी वेळा हेच. तो डबा नुसता पुढच्या बाजूने जड, डोकं खाली ओढणारा. आणि असा दिवस काढून घरी आली, की सोफ्यावर पाय वर घ्यायचे, फोन मांडीवर ठेवायचा आणि मान फोनवर टाकायची. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ. जेवताना व्हिडिओ, केस विंचरताना व्हिडिओ. पलीकडे तिचे वडील दोन उशांवर डोकं टेकवून, छातीवर फोन उभा करून तेच करत पडलेले. घरात माणसं तीन, त्यातल्या दोघांच्या हनुवट्या कायम छातीला टेकलेल्या. तिसरी मी, ओरडणारी.

माझ्या हातातही फोन असायचा, नाही असं नाही. नवीन गळ्यांचे, बाह्यांचे व्हिडिओ मी मशीनवर सुईच्या शेजारी फोन आडवा ठेवून बघायची. पण ते काम होतं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू पण दिवसभर खालीच बघतेस," तर मी तिला काम आणि टाइमपास यातला फरक चांगला दहा मिनिटं समजावला. तिने मला फोन उभा करायचा एक स्टँड आणून दिला. वर म्हणाली, "मशीनखाली दोन विटा घाल, म्हणजे वाकावं लागणार नाही." मी त्या स्टँडला लेसची रिळं अडकवली.

अंगाने मुलगी थेट माझ्यावर गेली आहे. छाती, खांदा, दंड, मुंढा, सगळी मापं माझीच. कॉलेजात साडीचा दिवस असला की माझाच ब्लाऊज घालून जायची आणि मला एक टाका फिरवावा लागायचा नाही. त्या वेळी मी हौसेने तिचं माप वहीत लिहून ठेवलं होतं. पाठीची उंची साडेचौदा, माझ्याएवढीच.

गेल्या वर्षी तिचं लग्न बदलापूरला ठरलं. आमच्यासारखंच आगरी घर, चांगली माणसं. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या आजेसासूने मला बाजूला घेऊन विचारलं, "पोर ग्वाड हाय, पन मान खाली घालून का चालतं? लाजतं का?" मी म्हटलं, हो, जरा लाजरीच आहे. लाजरी! अनोळखी माणसांना हाताला धरून नसलेल्या घरात फिरवणारी पोरगी. घरी आल्यावर फोटो बघितले तर प्रत्येक फोटोत तिचं डोकं अंगाच्या पुढे, आणि मानेच्या मुळाशी मागे लहानसा उंचवटा. इतकी महागाची साडी आणि वर ती अशी मान. मला रडूच आलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिच्या हातातून चहाचा कप निसटला. तेव्हा कळलं की उजव्या हाताच्या दोन बोटांना गेले दोन महिने मुंग्या येतात. दोन महिने! मला सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाली, "तू ओरडली असतीस." मग मी ओरडलेच. लग्नाला चार महिने होते. लग्नात ती मान सरळ ठेवून उभी राहावी, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली आणि त्यापुढे मला हॉल, जेवण, आहेर, काही सुचेना.

आधी मी तिच्या ऑफिसात गेले. तिला आवडलं नाही, पण तो गॉगल काय चीज आहे हे मला बघायचंच होतं. तिने तो माझ्या डोळ्यांवर चढवला, मागून पट्टा आवळला, आणि मी एकदम कुणाच्या तरी लख्ख हॉलमध्ये उभी. मी इकडे वळले, तिकडे वळले. स्वयंपाकघर कुठे म्हणून खाली बघितलं, पंखा आहे का म्हणून वर बघितलं. खिडकीला छान पिस्ता रंगाचा पडदा होता, तर जवळ जाऊन वाकून बघितलं की खालची पट्टी किती दुमडली आहे. पडद्याला शिवणच नव्हती. मी अजून वाकले, आणि मानेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे हॉल काय, चांदण्या दिसल्या. चार दिवस मला मान वळवून मागचं बघता येत नव्हतं. मागून कुणी हाक मारली तर अख्खी मी वळायची. मी घरात जाहीर केलं, की दहा मिनिटांत माझी ही गत, तर दिवसभर लावणाऱ्या पोरीचं काय होत असेल!

अंबरनाथला स्टेशनच्या पूर्वेला एक फिजिओथेरपिस्ट बसते, तिच्याकडे मी मुलीला ओढत नेलं. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाची. तिने मुलीला भिंतीला टेकून उभं केलं, तर पाठ टेकली आणि डोकं भिंतीपासून चार बोटं लांब. तिने समजावलं ते मला लगेच पटलं. डोकं पुढे गेलं की मानेमागचे स्नायू दिवसभर त्याला ओढून धरतात, थकतात आणि आखडतात. पुढचे स्नायू बिनकामाचे म्हणून ढिले पडतात. तिरक्या धाग्यावर टांगून ठेवलेलं कापड जसं एका बाजूने लोंबतं, तसंच हे. तिने व्यायाम दिले. हनुवटी आत ओढून दहा मोजायचे, भिंतीला टेकून हात वर-खाली करायचे, फोन डोळ्यांसमोर धरायचा, गॉगल एका वेळी थोडा वेळच लावायचा.

मी विचारलं, "पण सरळ होईल ना? लग्नापर्यंत?" ती म्हणाली, "रोज केलं तर फरक पडेल, काकू." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, "तुमची मान दुखते का? तुम्ही पण एकदा भिंतीला उभ्या राहता का?" मी तिला पडद्याची हकीगत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "दहा मिनिटांच्या गॉगलने एवढं होत नाही. तुमचं जुनं असणार." मला तिचा रागच आला. पेशंट कोण आणि ही तपासते कुणाला? मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. तुम्ही हिचं बघा," आणि पर्स उचलली.

त्यानंतर सुरू झाली माझी रोजची बोंबाबोंब. सकाळी दुकानात जाताना "व्यायाम केलास का?" आणि संध्याकाळी आल्यावर "केलास का?" ती फोनमधून डोकं न काढता म्हणायची, "करते." मी समोर असताना तिने एकदाही केला नाही. मी भिंतीकडे बोट दाखवायची, ती उठून आत निघून जायची. एकदा मी तिचा फोन हिसकावून पिठाच्या डब्यात टाकला. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. तिचे वडील म्हणाले, "तू तिला लग्नाआधीच सासुरवास करतेस." हे बोलतानासुद्धा त्यांची नजर छातीवरच्या फोनवर होती.

अशात मापं घ्यायची वेळ आली. लग्नाच्या शालूचा ब्लाऊज सासरच्यांनी परस्पर त्यांच्या टेलरकडे दिला होता. सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या मुलीचा ब्लाऊज दुसरा टेलर शिवणार! त्याचा राग माझ्या नाकावर होताच. माझ्या वाट्याला उरला हळदीचा ब्लाऊज. आमच्यात हळद लग्नाएवढीच मोठी, घरच्या सगळ्या बायका पिवळ्या. मी एक पिवळा तागा आणून त्यातून सगळ्यांचे ब्लाऊज काढायचे ठरवले होते. मुलीच्या पाठीला मोठा गळा, त्याला जरीचं काम, दोरी आणि लटकन. माझा साधा.

एका रविवारी ती समोर येऊन उभी राहिली आणि हातात फोन. कुठल्या तरी नवरीच्या मेकअपचा व्हिडिओ. मी म्हटलं, "फोन ठेव." ती म्हणाली, "एक मिनिट." मी पुन्हा म्हटलं, "ठेव." ती म्हणाली, "आई, घे ना तू, मी हलत नाहीये." गिऱ्हाईक असतं तर मी स्टुलावर जाऊन बसले असते. पोटच्या पोरीपुढे माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "ठीक आहे. तू आहेस तशीच राहा. मी आहेत तशीच मापं घेते." तिने खांदे उडवले. मी वाकलेल्या मानेवर टेप धरली आणि खाली सोडली. सव्वापंधरा. वहीत तिच्या जुन्या साडेचौदाच्या शेजारी मी सव्वापंधरा लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या, पेन कागदात घुसेल इतक्या जोरात.

खरं सांगायचं तर तो नुसता राग नव्हता. तोवर मी मनातून हात टेकले होते. ही काही सरळ होत नाही, लग्नातही ही अशीच उभी राहणार, असं मी धरून चालले होते. मग निदान हळदीला पाठीवर सुरकुती दिसू नये, बदलापूरच्या बायकांनी मागून बघितलं तर ब्लाऊज साच्यासारखा बसलेला दिसावा. मला येत होतं ते हेच, झाकणं. मी तिचा बाक मोजून मापून, पुरता पाऊण इंच, त्या ब्लाऊजमध्ये शिवला. माझ्या ब्लाऊजला मी माप घेतलंच नाही. माझी मापं मला तोंडपाठ आहेत. वर्षभर माझे सगळेच ब्लाऊज पाठीत वर चढत होते आणि समोर झोळ पडत होता, पण तो मी हल्लीच्या कापडाचा दोष धरला होता.

ट्रायल मी कधी देत नाही. माझ्या ब्लाऊजला ट्रायल लागत नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे. मुलीला सुट्टी नव्हती आणि मला गरज वाटली नाही. इस्त्री करून, लटकनांना कागद गुंडाळून मी तो ब्लाऊज पेटीत ठेवला.

हळद दुपारी होती. मांडवात धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नातली पारंपरिक गाणी, धवले, म्हणणारी म्हातारी, येऊन बसली होती. बाहेर स्पीकर लागला होता. मी आतल्या खोलीत मुलीला ब्लाऊज घातला, मागून दोरी बांधली, आणि हात थांबले. गळ्याखाली कापडाची जाड आडवी घडी. मी ती हाताने खाली ओढली, ती पुन्हा वर आली. समोरून बघितलं तर ब्लाऊज वर ओढलेला आणि खालची पट्टी छातीवर चढलेली. मी चिडून म्हटलं, "नीट उभी राहा ना."

ती म्हणाली, "नीटच उभी आहे."

मी मागे सरकून बघितलं. ती कपाटाला टेकून उभी होती. टाचा टेकलेल्या, पाठ टेकलेली, आणि डोकंही टेकलेलं. मान वर होती. ओढून ताणून नव्हे, सहज. चार महिने रोज ओरडले आणि चार महिन्यांत मी एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं, नुसता तिच्या हातातला फोन बघत होते.

"कधी केलास व्यायाम?" मी विचारलं.

"ऑफिसात. जेवायच्या सुट्टीत, रेकॉर्डरूमच्या भिंतीला. गॉगल आता एकट्या क्लायंटला देते, मी मोठ्या स्क्रीनवर बघून त्याला सांगते. बोटांच्या मुंग्या पण गेल्या."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू मोजत बसली असतीस. आज किती केलेस, काल किती केलेस. मला ते माझं करायचं होतं."

मला आनंद व्हायला हवा होता. जे हवं म्हणून मी जीव टाकला होता ते माझ्यासमोर उभं होतं. पण मला शरम वाटत होती, आणि शरम वाटली की मी चिडते. "अगं पण ब्लाऊजचं काय करू आता?" म्हणून मी तिच्यावरच खेकसले. तिने घडीला हात लावला आणि विचारलं, "हे असं कसं झालं? तुझं तर कधी चुकत नाही." मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं, की त्या रविवारी तू फोन बघत होतीस, त्या मापाने बेतला. तिने घडीवरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे मी अशीच राहणार असं तू धरलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं.

बाहेरून धवलारीण ओरडली, "अगो, नवरीला आना लवकर, हलद सुकतंय!" टेप गळ्यात अडकवून मी घरच्या मशीनकडे धावले. खांदे उसवायचे, पाठीचा तुकडा खांद्यातून पाऊण इंच उतरवायचा, पुढे मार्जिन सोडायचं, बाह्या पुन्हा बसवायच्या. तासाभराचं काम. मी बसले, ब्लाऊज सुईखाली घेतला, उसवायला खाली वाकले, आणि गॉगलमधल्या पडद्यापाशी आली होती तीच कळ आली, या वेळी खांद्यातून खाली पार अंगठ्यापर्यंत. हातातलं उसवायचं ब्लेड खाली पडलं. ते उचलायलाही मला वाकता येईना.

मुलगी मागेच उभी होती. तिने माझ्या मानेच्या मुळाशी हात ठेवला आणि तिथेच थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाली, "तुझा ब्लाऊज कुठाय?"

"अंगात आहे."

"काढ."

मी म्हटलं, वेड लागलंय का, नवरीने साधा ब्लाऊज घालायचा? पण ती ऐकायला थांबलीच नाही. माझ्या अंगातला साधा पिवळा ब्लाऊज तिने चढवला, हुक लावले आणि वळून पाठ दाखवली. कुठे घडी नाही, कुठे झोळ नाही. माझ्या जुन्या, तोंडपाठ साडेचौदाने बेतलेला ब्लाऊज तिला अगदी चपखल बसला होता. दोघींच्या साड्या त्याच पिवळ्यातल्या, कुणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. मग तिने दोरी-लटकनवाला उचलला आणि माझ्यासमोर धरला. मी नको नको म्हणत होते. तिने माझे हात बाह्यांत घातले, मागून दोरी आवळली आणि मला आरशाकडे पाठ करून उभं केलं. मी खांद्यावरून मागे बघायला गेले तर मान वळेना. तिने फोन काढला, माझ्या पाठीचा फोटो काढला आणि तो माझ्या डोळ्यांसमोर, चांगला वर, धरला.

एक सुरकुती नव्हती. वर्षभरात माझ्या अंगावर एकही ब्लाऊज इतका नीट बसला नव्हता. तिच्या वाकलेल्या मानेवरून घेतलेलं माप मला बिनचूक बसलं होतं, फक्त माझ्या हातात त्या वेळी फोन नव्हता. मानेच्या मुळाशी उंचवटा होता, तिच्या साखरपुड्याच्या फोटोत होता तसाच, जरा मोठा. त्याच्या बरोबर खाली जरीचे दोन लटकन लोंबत होते.

तिने माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली. बाहेर पुन्हा हाका सुरू झाल्या, तरी ती म्हणाली, "एक मिनिट, आले," आणि मशीनवरच्या वहीतलं माझं पान उघडलं. गिऱ्हाइकं करतात तेच मी केलं. पोट आत घेतलं, खांदे मागे ओढले, हनुवटी वर केली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दुखलं.

"नको, ताणू नकोस," मुलगी म्हणाली. "मशीनवर बसतेस तशीच राहा. मी आहेत तशीच मापं घेते."

मी खांदे सोडले. मान आपोआप खाली आली. तिने मागच्या हाडावर टेप धरली, खाली सोडली, आणि माझ्या साडेचौदाच्या शेजारी सव्वापंधरा लिहिलं. खाली रेघ ओढली नाही. मग साडीचा पदर खोचून ती सरळ मानेने मांडवात गेली आणि मी तिच्या मागून, लटकन झुलवत, खाली बघत चालत गेले.